इकोस्प्रिन ७५ आणि १५०: जोखमीच्या गरोदरपणात कितपत उपयोगी?

प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून बहुधा लघवीतून प्रोटीन जाण्याचा आजार, टाळण्यासाठी डॉक्टर लिहून देतात ती ही कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन. किंमत किरकोळ, मेडिकलमध्ये सहज मिळते. गुण येतो, पण वेळेत सुरू केली आणि रोज घेतली तर.

वेळेत म्हणजे साधारण बाराव्या आठवड्यापासून, शक्यतो सोळाव्याच्या आत. वार रुजते आणि गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात त्या याच काळात. सातव्या महिन्यात बीपी वाढल्यावर सुरू करून फारसं काही साधत नाही, कारण ही बीपी उतरवणारी गोळी नव्हेच. त्यासाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन वेगळी.

२०१७ च्या ‘अ‍ॅस्प्रे’ चाचणीत जोखमीच्या स्त्रियांना ३६व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम दिली. ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. दिवस भरल्यावर होणाऱ्या आजारात मात्र फारसा फरक पडला नाही. जागतिक आरोग्य संघटना ७५ सांगते, अनेक डॉक्टर १५० देतात. मात्रा त्यांनीच ठरवायची.

आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया, जुनं बीपी, मधुमेह, किडनीचा आजार, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा जुळी, यातलं एक असलं तरी डॉक्टरांकडे गोळीचा विषय काढावा. अ‍ॅस्पिरिनने दमा उठत असेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा आजार असेल तर आधीच सांगावं.

गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असतं. चावू नये, कुटू नये, अँटासिडसोबत घेऊ नये. नाहीतर आवरण पोटातच सुटतं आणि जळजळ होते.

खरी तक्रार नावांची. ‘इकोस्प्रिन एव्ही’मध्ये कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन असते, ‘गोल्ड’मध्ये त्याशिवाय रक्ताची गुठळी रोखणारं क्लोपिडोग्रेलही. दोन्ही हृदयरोग्यांसाठी. काउंटरवर घाईत नुसतं ‘इकोस्प्रिन’ म्हटलं की गफलतीला जागा राहते, म्हणून स्ट्रिप उलटून घटक वाचावेत. डिस्प्रिनही पर्याय नव्हे. तिच्यात मात्रा कितीतरी जास्त.

दुसरी अडचण घरातली. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ ऐकून कोणीतरी ती परस्पर बंद करायला लावतं. कधी थांबवायची, ३६व्या आठवड्याला की बाळंतपणापर्यंत चालू ठेवायची, हे डॉक्टरांनाच विचारावं.

गोळी चालू असली तरी दर तपासणीला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघायचंच. १४०/९० दिसलं तर त्याच दिवशी फोन. १६०/११०, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बरगडीखाली उजवीकडे दुखणं असेल तर थेट दवाखाना.