गिअर वायर की दोरा? घरी जड गळ्यातलं ओवणाऱ्यांसाठी

घरी स्टेटमेंट नेकलेस करायचा म्हटलं की आपण सगळ्या मण्यांपाशीच अडकतो. फिरोजी घेऊ की लाल, पेंडंट जर्मन सिल्व्हरचं की साधं ऑक्सिडाइज्ड. मीही तेच केलं, पुण्यात बोहरी आळीत दोन तास मणी उलटेपालटे केले आणि हे सगळं ओवायचं कशात हा प्रश्न पैसे देता देता सुचला. दुकानदार म्हणाला, गिअर वायर (मणी ओवायची बारीक तार) न्या ताई, सगळ्या तीच नेतात. नेली. वर्षभर तीच वापरली, मग हळूहळू दोऱ्याकडे वळले, आणि आता ओळखीपाळखीत कोणी ना कोणी विचारतंच की काय घेऊ, म्हणून एकदाच लिहून टाकते.

तंगूस, म्हणजे तो पारदर्शक नायलॉनचा दोरा, आणि इलॅस्टिक मी यात धरलेलंच नाहीये. तंगूस घरात पडलेला असतो म्हणून पहिली माळ बहुतेक जणी त्यातच करतात, पण त्याची गाठ निसटते आणि वर्ष दोन वर्षांनी तो कडक होऊन नको तिथे तुटतो. इलॅस्टिक ब्रेसलेटला ठीक आहे, जड गळ्यातलं त्यात ओवलं तर संध्याकाळपर्यंत बेंबीला टेकतं.

वायरचं कौतुक आधी करते, कारण ते खरंच आहे. सुई लागत नाही, वायरचं टोक आपलं आपण मण्यातून जातं, सिरियल बघता बघता अख्खा पदर ओवून होतो. तुटायचं तर नावच नको, आत स्टीलच्या बारीक तारा आणि वरून नायलॉनचं कोटिंग. घेताना फक्त आत किती तारा आहेत ते विचारा, ७ वाली स्वस्त पण ताठ, १९ वाली बरी, ४९ वाली जवळजवळ दोऱ्यासारखी वळते पण महाग पडते. मला काउंटरवरून मिळाली ती ७ वाली होती आणि हा फरक असतो हेच मला सहा महिने माहीत नव्हतं. शिवाय धातूच्या मण्यांची भोकं कानसलेली नसतात, दोरा तिथे घासून घासून झिजतो, वायर सहजी झिजत नाही. हा मुद्दा मोठा आहे, नंतर परत येते त्यावर.

आता त्रास. एकदा वायरला मोड पडली की ती जात नाही, हे सगळ्यांना माहितीये, ते सोडा. मला जास्त खटकायचं ते तिचं गळ्यावर बसणं. पाच पदरी हार मी डायनिंग टेबलवर मांडला तेव्हा इतका सुंदर दिसत होता की फोटो काढून वहिनीला पाठवला, आणि घातला तर पदर एकमेकांवर चढून बसले. वायर घट्ट दाबली तर हार कडीसारखा ताठ राहतो आणि पेंडंट उलटं होतं, सैल सोडली तर मण्यांमधून वायर दिसते. मधलं माप असतं, सापडतंही, पण पाचही पदरांना एकाच वेळी सापडत नाही.

तरी मी एवढ्यावर वायर सोडली नसती. सोडली ती मानेमुळे.

मामेबहिणीच्या साखरपुड्याला मी आईची नारायणपेठ नेसले होते आणि त्यावर तोच पाच पदरी हार. पाच पदर म्हणजे मागे दहा टोकं, प्रत्येक टोकाला एक क्रिंप, म्हणजे तो पकडीने दाबायचा बारीक मणी, आणि प्रत्येक क्रिंपमधून बाहेर आलेली कापलेल्या वायरची शेपटी. जड हाराचा सगळा भार मानेवर, आणि तिथेच ही टोकं. सुरुवातीला वाटलं डास चावतोय. मग अंबाड्याचे केस अडकायला लागले. जेवणाच्या पंगतीपर्यंत मानेवर एक लालभडक रेघ. आणि ओटी भरायला बसले तेव्हा दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, तो मागे वायरीत अडकला, मी सवयीने ओढला, आणि नारायणपेठचा एक धागा चांगला वीतभर सरकला. आई मागून बघत होती. म्हणाली, अगं हा दागिना आहे की काटेरी कुंपण?

यावर जाणकार म्हणतील की तुला क्रिंप करता येत नाही. असेलही. पण मी नीट शिकले होते हो, दीड इंच शेपटी ठेवून ती परत दोन-तीन मण्यांतून मागे घ्यायची, मग क्रिंपिंगच्या पकडीच्या आतल्या खाचेत दाबून मण्याला मधे खड्डा पाडायचा, बाहेरच्या खाचेत तो गोल करायचा, वर टोपी बसवायची. सगळं करायचे. पण मोत्याचं भोक इतकं बारीक की त्यातून वायर दुसऱ्यांदा जातच नाही, मग शेपटी मण्याला लागून कापावी लागते, आणि चार वेळा घातलं की मणी सरकून ती बाहेर डोकावते. माझी एक मैत्रीण फक्त वायरच वापरते आणि तिचं एकही गळ्यातलं टोचत नाही. ती एकपदरी करते, मोठे लाकडी मणी, भोकं अशी की उदबत्ती जाईल. तिला वायर सोडायचं काही कारणच नाही.

दोऱ्याकडे मी वळले ते मावशीबरोबर तिचं मंगळसूत्र गाठवायला गेले तेव्हा. पटवेकरी खाली बसलेले, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताणलेला, आणि दोन्ही हात मोकळे. एक मणी ओवायचा, गाठीचा फास सैल टाकायचा, फासात सुई घालून तो फास सुईने मण्याच्या अगदी तोंडापर्यंत सरकवायचा आणि मग सुई काढून घेत ओढायचं. गाठ मण्याला चिकटून बसते, मधे केसभर फट नाही. अर्धा तास मी तेच बघत होते, मावशी चहा पिऊन आली तरी. आणि तिथे लक्षात आलं की आपल्या बऱ्याच जुन्या दागिन्यांत मानेला धातू लागतच नाही. ठुशी घ्या, तन्मणी घ्या, मागे दोरा आणि गोंडा. सरकवला की लांबी कमी-जास्त, म्हणून एकच ठुशी आजीला आणि नातीला दोघींना बसते. ठुशी गळ्याबरोबर आणि पुतळ्यांची माळ खाली छातीवर हे आपण घालतोच की, आपला स्टेटमेंट नेकलेस काय वेगळा असतो.

त्या सरकत्या दोरीचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. बंद गळ्याच्या ब्लाउजवर हार दोन इंच खाली हवा असतो, खोल गळ्यावर वर. वायरीची लांबी एकदा क्रिंप केली की ठरली, मागे एक्स्टेन्शनची साखळी लावता येते पण ती परत मानेवरच येते, म्हणजे आणखी थोडं धातू आणि आणखी थोडे केस.

दोऱ्याचे नखरे कमी नाहीत, लपवत नाही. वेळ दुप्पट तिप्पट लागतो, मण्यागणिक गाठ मारायची तर रविवार गेलाच. दोराही जवळजवळ दुप्पट घ्यावा लागतो, गाठी खातात. रेशीम दिसायला सुरेख पण ताणतं, म्हणून ओवायच्या आधी दोऱ्याला काहीतरी जड बांधून रात्रभर टांगून ठेवते (आमच्याकडे खलबत्त्यातला बत्ता असतो, सकाळी कोणीतरी विचारतंच की हा पंख्याच्या हुकाला कोणी लटकवला). रोज वापरायचं असेल तर सरळ पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या, रेशमाइतका चमकत नाही पण ताणतही नाही. दोऱ्यावरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला की गुंता कमी होतो. शेवटच्या गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब, फेव्हिक्विक नको, त्याने दोरा काडीसारखा होऊन तिथेच मोडतो आणि आजूबाजूच्या मण्यांवर पांढरा धूर बसतो तो वेगळाच. मागची दोरी घामाने कळकट होते, लाल दोरी तर ब्लाउजवर रंग सोडते, मी काळी नाहीतर जरीची लावते आणि वर्षातून एकदा बदलते, दहा-वीस रुपयांचं काम.

आणि भोकांचा तो मुद्दा. ऑक्सिडाइज्ड मणी दोरा कापतात, हे खरंच. खंभातचे अकीक, म्हणजे दगडाचे मणी, तेही कापतात, त्यांना भोक दोन्ही बाजूंनी पाडलेलं असतं आणि मधे जिथे दोन भोकं भेटतात तिथे कधीकधी धार राहते, बाहेरून दिसतसुद्धा नाही. मी प्रत्येक मण्यातून सुईभोवती गुंडाळलेला पॉलिश पेपरचा तुकडा फिरवते. कंटाळवाणं काम आहे, पण माझी एक अकिकाची माळ त्यामुळे तीन वर्षं टिकलीये. ती मधे एकदा तुटली, बसमधे, आणि खाली पडला तो एकच मणी, बाकीचे गाठींमुळे जागच्या जागी. त्याआधी वायरीचा क्रिंप एकदा निसटला होता ऑफिसच्या लिफ्टमधे, तेव्हा चौथ्या मजल्यावरचा वॉचमनसुद्धा मणी गोळा करत होता.

तर तुम्हाला एकपदरी करायचंय, मणी मोठे आहेत, सगळं धातूचं आहे किंवा लग्न परवावर आलंय, तर वायर घ्या, शक्यतो १९ वाली, वाईट नाहीच ती. मधला रस्ताही आहे, पुढचे पदर वायरवर ओवायचे, दोन्हीकडे पाच भोकांच्या पट्टीला बांधायचे आणि पट्टीपासून मागे दोरी. टोकं मग मानेवर येत नाहीत, कॉलरबोनपाशी येतात. मी तसे दोन केले. बरे झालेत, एक वहिनीकडे आहे आणि ती घालतेही. पण दुसरा मी स्वतः क्वचित घालते, हात जातो तो दोऱ्यावाल्यांकडेच.

नारायणपेठचा धागा रफू करून घेतला, लांबून कळत नाही. तो पाच पदरी हार मात्र मागच्या महिन्यात कापला, मणी डब्यात काढले आणि पहिल्यापासून दोऱ्यावर घेतलाय. दोन पदर झालेत, तिसऱ्यात एक फिरोजी मणी कमी पडतोय. बहुतेक त्या लिफ्टच्या फटीत असेल.