लाउदातो सी कृती मंच : धर्मग्रामाने नाव नोंदवण्याआधी

परमगुरू (पोप) फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकावर उभा असलेला हा ऑनलाइन मंच व्हॅटिकनने नोव्हेंबर 2021 मध्ये नोंदणीसाठी खुला केला. गट 7 (कुटुंब, धर्मग्राम म्हणजे एका चर्चचा परिसर, शाळा, रुग्णालय, व्रतस्थ वगैरे), उद्दिष्टे 7, वाटचाल 7 वर्षांची. नोंदणी करा, स्वमूल्यांकन करा, आराखडा लिहा, कामाला लागा, मग पुन्हा आढावा. सांगाडा चांगला आहे. पाचपैकी साडेतीन गुण.

दीड गुण कापला तो बाईच्या कामाचा हिशेब नाही म्हणून. खरं तर परिपत्रक आणि पर्यावरणीय स्त्रीवाद यांची तक्रार एकाच रोगाविरुद्ध आहे. परिच्छेद 67 म्हणतो, बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकात माणसाला दिलेल्या 'सत्ते'चा अर्थ ओरबाडणं नव्हे. त्याच ग्रंथात (2:15) मशागत आणि राखण सांगितली आहे. परिच्छेद 139 मध्ये समाजाचं संकट आणि निसर्गाचं संकट वेगळी नाहीत, एकच आहे. स्त्रीवादी यापुढे एक पाऊल जातात: जमिनीवर मालकी गाजवणारी सवयच बाईवरही गाजते. परिपत्रक धरतीला बहीण आणि आई म्हणतं, पण आईचे कामाचे तास मोजत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1992 मध्येच बजावलं होतं की बाईचं निसर्गाशी नातं उपजत नाही. ते कामाच्या वाटणीतून आणि जमिनीवरच्या हक्कातून घडतं.

मंचावर हीच फट दिसते. 'गरिबांची हाक' या उद्दिष्टात आदिवासी, निर्वासित, स्थलांतरित, धोक्यातली मुलं अशी नावं आहेत, स्त्रिया नाहीत. त्याच ओळीत गर्भधारणेपासूनच्या जीवनाचं रक्षण आहे, तिथे बहुतेक स्त्रीवाद्यांची वाट वेगळी होते. पाण्यापुरतं तरी एकत्र बसता येतं.

'शाश्वत जीवनशैली' हे उद्दिष्ट आराखड्यात भरताना जास्त जपा. प्लास्टिक बंद, कचरा वेगळा, घरचं ताजं अन्न: कागदावर हे सगळं कुटुंबाचं, प्रत्यक्षात एकीच्याच अंगावर. रोज 20 मिनिटं वाढली तर वर्षाला जवळपास 122 तास होतात. म्हणून आराखड्याच्या तक्त्यात दोन रकाने स्वतःच वाढवा: 'कोण करणार' आणि 'आठवड्याला किती तास'. एकाच नावापुढे सगळे तास आले तर ती कृती परत वाटून घ्या, नाहीतर दोन-तीन महिन्यांत बंद पडते.

वसईसारख्या ठिकाणी पहिल्या वर्षी दोनच उद्दिष्टं घ्या. पाण्याचं काम घेणार असाल तर चर्चच्या छपरावरचं पावसाचं पाणी साठवण्यापासून सुरुवात करा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. 200 चौरस मीटर छप्पर, 2,000 मिलिमीटर पाऊस, वाया जाणारं वजा करून 0.8 ने गुणा: 3,20,000 लिटर. पहिल्या पावसाचं पाणी बाजूला सोडा, नाहीतर छपरावरची घाण विहिरीत उतरते. बावखल (वसईकडचं गोड्या पाण्याचं जुनं तळं) बुजवलं असेल तर आधी ते मोकळं करा. नुसत्या टाकीने भूजल वाढत नाही. पाणी कुणाला, किती वाजता सोडायचं हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्या जागा पाणी भरणाऱ्यांच्या असाव्यात.

आणि समितीची सभा संध्याकाळी सातला नको, स्वयंपाकाची वेळ. रविवारच्या मिस्सानंतरही (चर्चमधल्या उपासनेनंतर) नको, दुपारचं जेवण व्हायचं असतं. रविवारी चारनंतर ठेवा, आणि चहा पुरुषांनी करावा.