गाडीतलं सिम आपल्या प्लॅनमध्ये जोडावं, की खिशातला फोन पुरे? अमेरिकेतल्या गाडीमालकांसाठी तुलना

अमेरिकेत नवी गाडी घेतली की काही आठवड्यांत स्क्रीनवर सूचना झळकते: गाडीत कारखान्यातच बसवलेल्या सिमवरून चालणाऱ्या वाय-फायचा मोफत काळ संपत आलाय, प्लॅन निवडा. किंमत साधारण महिन्याला २० डॉलर, वर कर आणि कधी कधी लाईन सुरू करण्याचं एकदाचं शुल्क. वर्षाचे २४० डॉलर धरा. घरात चार-पाच लाईनींचा फॅमिली प्लॅन आधीच असताना गाडीलाही त्यात घ्यावं का, हा प्रश्न त्यामुळे रास्त आहे.

आमचं मत आधीच सांगतो. फोनवर बोलण्यासाठी गाडीला लाईन घेऊ नका. डेटासाठी घ्यायची तर मागच्या सीटवर दोन किंवा जास्त स्क्रीन चालणार असतील आणि लांबचे प्रवास नेहमीचे असतील, तरच घ्या. आणि ‘अपघात झाला तर मदत मिळावी’ म्हणून वाय-फायचे पैसे भरत असाल, तर ते चुकीच्या खात्यात जात आहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

बोलणं: गाडीचा नंबर विरुद्ध ब्लूटूथ

गाडीला स्वतःचा फोन नंबर असणं ही जुनी सोय. जनरल मोटर्सची ऑनस्टार ही गाडीतून मदत मागण्याची सेवा १९९६ साली सुरू झाली. पुढे तिच्यात हँड्स-फ्री कॉलिंग आलं: गाडीला वेगळा नंबर, आणि मिनिटं आगाऊ विकत घ्यायची. व्हेरायझन या मोबाइल कंपनीच्या ग्राहकांना तीच गाडी आपल्या घरच्या प्लॅनमध्ये जोडून मिनिटं वाटून घेता येत. प्लॅनमध्ये मिनिटं मोजली जात होती आणि बहुतेक फोनांत ब्लूटूथ नव्हतं, तेव्हा हा सौदा चांगला होता. युरोपातल्या ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजने दुसरी वाट काढली. सिम ॲक्सेस प्रोफाइल या पद्धतीत गाडीतलं मॉड्यूल ब्लूटूथवरून फोनच्या सिमची ओळख उसनी घेई, फोनचा टॉवरशी बोलणारा स्वतःचा रेडिओ बंद राही आणि बोलणं छतावरच्या अँटेनातून होई. नोकिया, ब्लॅकबेरी आणि पुढे सॅमसंगच्या फोनांत हे चाले. आयफोनने ते कधीच दिलं नाही, आणि ती पद्धत मागे पडली.

आज मिनिटं अमर्याद आहेत, त्यामुळे वेगळ्या नंबराचा फायदा उरला नाही. तोटे मात्र तसेच आहेत. गाडीच्या नंबरावर तुमचे मेसेज येत नाहीत, बँकेचे ओटीपी येत नाहीत, व्हॉइसमेल वेगळा राहतो आणि समोरच्याला अनोळखी नंबर दिसतो. आवाजातही फरक नाही, कारण ब्लूटूथ असो वा गाडीची लाईन, मायक्रोफोन आणि स्पीकर तेच. समोरच्याला घुमल्यासारखं ऐकू येत असेल तर लाईन बदलून काही होणार नाही. पंख्याचा झोत छतातल्या मायक्रोफोनवर येतोय का ते बघा, आणि गाडीच्या कॉलचा आवाज दोन पायऱ्या कमी करा.

गाडीची लाईन खरोखर सरस ठरते ती एकाच बाबतीत: सिग्नल. फोन धातूच्या डब्यात, अनेकदा कपहोल्डरच्या तळाशी असतो. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असतो, तो रेडिओ लहरीही अडवतो. गाडीचा अँटेना छतावर, उघड्यावर असतो. गावात याने काही बिघडत नाही. डोंगराळ, विरळ टॉवरच्या भागात मात्र फोनवर कॉल तुटत असताना गाडीची लाईन धरून राहू शकते. अट एकच: त्या भागात गाडीच्या कॅरियरचा, म्हणजे तिच्या सिमच्या मोबाइल कंपनीचा, टॉवर असला पाहिजे.

कॅरियर तुम्ही निवडत नाही, गाडी निवडते

लोक नेमके इथेच फसतात. तुमचा फॅमिली प्लॅन टी-मोबाइलचा आणि गाडी जनरल मोटर्सची शेव्हरोले असेल, तर ती त्या प्लॅनमध्ये जोडता येणार नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांत २०१५ च्या मॉडेलांपासून एटीअँडटीचं ४जी आहे. अमेरिकेत टेस्लाही एटीअँडटीवर चालते. ऑडीची ५जी असलेली २०२४ पासूनची मॉडेलं व्हेरायझनवर आहेत. गाडीतलं सिम आतल्या सर्किट बोर्डवर पक्कं बसवलेलं असतं. ते काढून दुसऱ्याचं घालता येत नाही. आपला कॅरियर आणि गाडीचा कॅरियर एक नसेल, तर मिळते ती स्वतंत्र लाईन, स्वतंत्र बिल, आणि फॅमिली प्लॅनची सूट शून्य. तुलना तिथेच संपते.

टेस्लामालकांपुढे तर हा प्रश्नच येत नाही. तिथे महिन्याला सुमारे १० डॉलरचं प्रीमियम पॅकेज गाडीच्या स्क्रीनसाठी आहे. गाडी मुलांच्या टॅबलेटना वाय-फाय वाटत नाही. उलट गाडीलाच तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडता येतं.

वेगळा मार्ग बीएमडब्ल्यूचा. आयएक्स आणि आय४ या गाड्यांपासून ‘पर्सनल ई-सिम’ आलं. कारखान्याच्या सिमखेरीज गाडीत दुसरी, तुमच्या नावाची ई-सिम (कार्डाशिवायचं, डाउनलोड होणारं सिम) प्रोफाइल उतरवता येते. अमेरिकेत २०२२ मध्ये टी-मोबाइलने त्यासाठी २० डॉलरची योजना आणली. ही प्रोफाइल गाडीला नव्हे, तुमच्या बीएमडब्ल्यू आयडीला, म्हणजे कंपनीकडच्या तुमच्या खात्याला, बांधलेली असते. तुम्ही त्या आयडीने गाडीत लॉगिन असाल तेव्हाच ती जागी होते. नवरा-बायको एकच गाडी चालवत असतील तर हे लक्षात ठेवा: दुसऱ्याच्या प्रोफाइलने गाडी सुरू झाली की तुमची लाईन त्या फेरीत नाही. फोन घरी विसरूनही गाडीतून बोलता येईल अशी ही आजची सर्वांत नीट सोय आहे. फक्त तुमचा मूळ नंबरच गाडीत वाजणार की गाडीला वेगळा नंबर मिळणार, ते कॅरियरच्या योजनेत काय लिहिलंय त्यावर ठरतं. ऑर्डर पक्की करण्याआधी ती ओळ शोधून वाचा.

डेटा: गाडीचा हॉटस्पॉट विरुद्ध फोनचा

आधी हिशेब. मोबाइलच्या साध्या दर्जाचा व्हिडिओ तासाला अर्धा ते एक जीबी खातो, एचडी सुमारे तीन जीबी. गाणी तासाला शंभर एमबीच्या आत. बे एरियातून आय-५ ने लॉस एंजेलिस म्हणजे सहा तास. मागे दोन मुलं, दोन टॅबलेट, साधा दर्जा धरला तरी एका बाजूला सहा ते बारा जीबी. येताना तेवढेच. बऱ्याच ‘अनलिमिटेड’ प्लॅनमध्ये फोनवरचा डेटा अमर्याद असतो, पण हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते. ती संपली की वेग ६०० केबीपीएस किंवा त्याहून खाली येतो, आणि त्यात दोन व्हिडिओ चालत नाहीत. आपल्या प्लॅनमध्ये हॉटस्पॉटचे किती जीबी आहेत हा आकडा या निर्णयातला सर्वांत महत्त्वाचा. तो ५०-६० जीबी असेल आणि प्रवास महिन्यातून एकदाच असेल, तर गाडीच्या लाईनीची गरज नाही.

दुसरी बाब उष्णता. एकाच वेळी नकाशा, हॉटस्पॉट आणि वायरलेस चार्जिंग या तिन्हींनी फोन तापतो. ॲपल आयफोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगतं. ॲरिझोनात उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ते सहज ओलांडलं जातं. मग चार्जिंग थांबतं, स्क्रीन मंदावते आणि शेवटी फोन स्वतःला थंड करायला बसतो. फोनचाच हॉटस्पॉट वापरायचा तर चार्जिंग तारेने करा आणि फोन एसीच्या झोताजवळ ठेवा. टॅबलेट जोडला जात नसेल तर आयफोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करा; त्याने हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर येतो आणि जुनी उपकरणं त्याला ओळखतात.

गाडीचा हॉटस्पॉट हे सगळं टाळतो, पण त्याचीही मर्यादा आहे. गाडी किंवा ॲक्सेसरी मोड (इंजिन बंद, पण वीज चालू) असेपर्यंतच तो चालतो. मोटेलच्या खोलीत तो नाही. म्हणून तिसरा पर्याय विसरू नका: डेटा-लाईनवर चालणारं हातातलं हॉटस्पॉट उपकरण. महिन्याचा खर्च गाडीच्या लाईनीइतकाच, कॅरियर तुमच्या पसंतीचा, आणि दोन गाड्या असतील तर दोन्हींत चालतं. छतावरचा अँटेना मिळत नाही, एवढंच. घरात दोन गाड्या असणाऱ्यांनी आमच्या मते आधी हाच पर्याय बघावा.

जोडायची पद्धत आणि अडकण्याच्या जागा

कंपन्यांची पानं वेगवेगळी असली तरी क्रम तोच. गाडी मोकळ्या जागी उभी करा. तळघरातल्या पार्किंगमध्ये ॲक्टिव्हेशन अर्ध्यात अडकतं. स्क्रीनवर वाय-फाय हॉटस्पॉटच्या सेटिंगमधून नाव आणि पासवर्ड घ्या. कॅरियरच्या कनेक्टेड कार पानावर जाऊन व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाका. हा १७ अक्षरांचा क्रमांक पुढच्या काचेखाली डाव्या कोपऱ्यात दिसतो; त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, म्हणून शंका आली तर १ किंवा ० टाका. मग ‘सध्याच्या प्लॅनमध्ये जोडा’ निवडा. हा पर्याय फक्त खात्याच्या मुख्य मालकाला किंवा अधिकृत व्यक्तीलाच दिसतो. खातं नवऱ्याच्या नावावर आणि लॉगिन बायकोचं असेल, तर अडचण बहुधा इथेच येते. झाल्यावर गाडी पूर्ण बंद करून, दार उघडून, काही मिनिटांनी पुन्हा सुरू करा.

वापरलेली गाडी असेल आणि ‘हा व्हीआयएन दुसऱ्या खात्यात आहे’ असं आलं, तर आधीच्या मालकाने लाईन सोडलेली नाही. विक्रेत्याकडे चकरा मारून उपयोग नाही. मालकीचा कागद हाताशी ठेवून कॅरियरशी बोलावं लागतं.

आणखी एक त्रास फार जणांना होतो, पण कारण लवकर कळत नाही. मोफत काळ संपल्यावरही फोन सवयीने गाडीच्या वाय-फायला जोडला जातो. वाय-फाय आहे, इंटरनेट नाही. त्यामुळे नकाशा थिजतो, गाणी थांबतात. गाडीचा हॉटस्पॉट बंद करा, किंवा फोनमध्ये त्या नेटवर्कचं ‘ऑटो-जॉइन’ काढा. उलट प्लॅन सुरू असेल तर दुसरा धोका: वाय-फाय दिसलं की फोन फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट सोडतात, आणि प्लॅनमधला वेगवान डेटा दोन फेऱ्यांत संपतो. आयफोनवर त्या नेटवर्कला ‘लो डेटा मोड’ लावा, अँड्रॉइडवर ते ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेलं) करा.

न्यू जर्सीहून नायगरा बघायला कॅनडाच्या बाजूला जाणार असाल तर आधी एक तपासा. फोनच्या लाईनीला कॅनडा-मेक्सिको मोफत असलं म्हणजे गाडीच्या लाईनीलाही असेलच असं नाही.

वाय-फाय आणि एसओएस वेगळे

लाल एसओएस बटण किंवा ऑनस्टारची अपघात-मदत कारखान्याच्या सिमवर, गाडी बनवणाऱ्याच्या सेवेतून चालते. वाय-फायची लाईन घेतली म्हणून ती सुरू होत नाही, आणि लाईन बंद केली म्हणून ती थांबत नाही. तिची मुदत गाडीच्या ॲपमध्ये पाहा. आयफोन १४ पासून फोनमध्येही अपघात ओळखण्याची सोय आहे, आणि टॉवर नसेल तिथे उपग्रहावरून मदत मागता येते. तरी गाडीची सेवा आम्ही चालू ठेवू, कारण अपघातात फोन हातातून उडून सीटखाली जातो.

त्याच ॲपमध्ये ‘ड्रायव्हिंग डेटा’च्या परवानग्याही बघा. जनरल मोटर्सने चालकांच्या ब्रेक, वेग आणि ठिकाणांची माहिती ज्या प्रकारे गोळा करून पुढे दिली, त्यावर ग्राहकांचं हित पाहणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई जाहीर केली. अशी माहिती विमा कंपन्यांच्या कामी येते, आणि नको असेल तर परवानगी काढता येते.

जुनी गाडी घेताना

फोन चार वर्षांनी बदलतो, गाडीतलं मॉडेम बदलत नाही. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय १२ वर्षांहून जास्त आहे. ॲनालॉग नेटवर्क २००८ मध्ये बंद झालं तेव्हा जुन्या ऑनस्टार गाड्या मुक्या झाल्या. एटीअँडटीने ३जी फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं, व्हेरायझनने २०२२ च्या अखेरीस. त्यासोबत ४जीच्या आधीच्या गाड्यांची ऑनस्टार सेवाही गेली. अशी गाडी घेतली तर ऑनस्टारच्या निळ्या बटणाचे पैसे मोजू नका. ब्लूटूथ चालतं एवढं बघा.

भारतात हा पर्याय का नाही

पुण्यातल्या नातेवाइकांनी विचारलं तर उत्तर सरळ आहे. २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टरपासून ई-सिम असलेल्या गाड्या भारतात रुळल्या, पण ते सिम एम२एम (यंत्रांनी यंत्रांशी बोलण्याच्या) प्रकारचं, १३ अंकी क्रमांकाचं असतं. दूरसंचार खात्याच्या नियमांप्रमाणे त्यावरून बोलणं आधी ठरवलेल्या मोजक्या नंबरांपुरतंच. ते आपल्या जिओ किंवा एअरटेलच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेता येत नाही. मात्र तिथे फोनच्या हॉटस्पॉटला सहसा वेगळी मर्यादा नसते. रोजच्या डेटातूनच तो जातो, त्यामुळे फोनचा हॉटस्पॉटच सोयीचा.

गाडी विकताना

किल्ली देण्याआधी तीन गोष्टी, याच क्रमाने. कॅरियरच्या खात्यातून गाडीची लाईन रद्द करा आणि पुष्टीचा ईमेल जपा, कारण गाडी गेली तरी बिल आपोआप थांबत नाही. गाडीच्या कंपनीच्या ॲपमधून ती गाडी काढा, नाहीतर नव्या मालकाचं ठिकाण तुमच्या फोनवर दिसत राहील. शेवटी स्क्रीनमधून फॅक्टरी रीसेट करा. त्याने हॉटस्पॉटचा पासवर्ड, जोडलेले फोन आणि घराचा पत्ता पुसला जातो. पर्सनल ई-सिम असेल तर रीसेटच्या आधी ती प्रोफाइल गाडीतून काढा.