मालवणला डायव्हिंगला जाताना सुरी घ्यावी की कटर?

तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात कोर्स झाला, कार्ड हातात पडलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सुरी कुठली घेऊ? कोल्हापुरातली दोन-तीन पोरं मला हेच विचारून गेली, म्हणून सविस्तर लिहितोय. ज्यांची पहिलीच डुबकी आहे, प्रशिक्षक हाताला धरून खाली नेणार आहे, त्यांनी काहीच घेऊ नये. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

पाण्याखाली सुरी लागते ती तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा बारीक दोरा, कापायला. तुटलेली जाळी खडकात अडकून पडलेली असतात आणि गढूळ पाण्यात तंगूस डोळ्यांना दिसत नाही. माझ्या फिनच्या (पोहताना पायात घालायच्या वल्ह्याच्या) पट्ट्यात एकदा ती गुंतली. पायाला बांधलेली टोकदार सुरी काढली, पण धार लावावी तिकडे तंगूस सरकायची. ती कापायची तर दुसऱ्या हाताने ताणून धरावी लागते आणि माझा दुसरा हात खडकाला होता. शेवटी जोडीदाराने त्याच्या लाइन कटरची खाच तंगुसात अडकवली, एकदा ओढली आणि काम झालं. त्या दिवसापासून माझं मत बदललं.

लाइन कटरचं पातं खाचेच्या आत असतं, त्यामुळे अंगातला डायव्हिंग सूटही फाटत नाही आणि बोटही कापत नाही. जाड दोर मात्र त्याच्याने कापत नाही. नांगराचा दोर, जाळ्याची कड यांना दातेरी सुरी नाहीतर कात्री हवी. सर्जिकल सामानाच्या दुकानात बँडेज कापायची वाकड्या तोंडाची मजबूत कात्री मिळते, ती या कामाला फार चांगली. फक्त डाइव्ह संपली की गोड्या पाण्यात धुवा, नाहीतर रिव्हेटपाशी गंज धरून ती उघडेनाशी होते.

आता कायदा. सगळे एकमेकांना 'नऊ इंचाच्या आत असली की चालते' असं सांगतात. ही नऊ इंचांची रेघ शस्त्र नियम, २०१६ मधली आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर सुरी शस्त्रांच्या यादीत जाते. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाच्या वस्तूंना सूट आहे. त्या सुटीत खेळाचं नाव नाही, हे लक्षात ठेवा. डायव्हिंगची सुरी मापात सहज बसते, पण त्याच यादीत खंजिराचंही नाव आहे. एका बाजूला साधी धार, दुसऱ्या बाजूला दाते आणि पुढे टोक असलेली सुरी बघणाऱ्याला खंजीरच वाटते. सुरीच घ्यायची असेल तर बोथट टोकाची घ्या. पाण्यात टोकाचं काहीच काम नसतं.

आपल्याकडे त्याहून जास्त लागू पडतं ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम ३७. सण, यात्रा, निवडणूक, आंदोलन असलं की जिल्ह्यात मनाई आदेश निघतो आणि सहसा पंधरवडाभर चालतो. पेपरात बातमी असते, आपण वाचत नाही. त्यात सुरे येतात, काठ्या येतात आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू येते. तिथे इंच मोजत नाहीत. मला गणपतीच्या दिवसांत एका नाक्यावर थांबवलं होतं. सुरी बॅगेच्या बाहेरच्या पट्ट्याला लावलेली. हवालदारांनी ती म्यानातून काढली, तळहातावर ठेवून वीतेने मोजली आणि विचारलं, "ही कशाला?" रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात घ्यायचं साधन), मास्क, कार्ड सगळं काढून दाखवलं तेव्हा सोडलं. कटर असता तर हा प्रश्न बहुतेक आलाच नसता. तेव्हापासून सगळं सामान एकाच बॅगेत, डिकीत, कुलूप लावून ठेवतो.

पण खरी अडचण समुद्रात उतरल्यावर आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम ३१ सांगतं की मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र न्यायचं नाही. त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरी नाव घेऊन लिहिलेली आहे, लांबीची अट न घालता. अंदमानात वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानालाही हेच कलम लागू होतं. अक्षरशः धरलं तर कटरही त्या व्याख्येतून पूर्ण सुटत नाही, कारण प्राण्याला इजा करू शकेल असं कुठलंही साधन त्यात येतं. तरी पात्याला आतून धार असलेलं, कुणाला भोसकता न येणारं हत्यार आणि पायाला बांधलेली सुरी यांत मी निःशंकपणे पहिलं निवडेन. आणि उतरण्याआधी डाइव्ह केंद्राला स्पष्ट विचारा की ही जागा अभयारण्याच्या हद्दीत येते का. राधानगरीवरून फोंडा घाटाने जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की दाजीपूरचा रस्ताही अभयारण्यातूनच जातो. तिथे सुरी हाताशी ठेवून गाडी उभी करू नका.

विमानाने अंदमानला जाणार असाल तर सुरी, कटर, कात्री तिन्ही चेक-इन बॅगेत टाका, पाती गुंडाळून. उलट टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. डायव्हिंगच्या टॉर्चसाठी विमान कंपनीला आधी विचारून घ्या. दोन्ही एकाच पाउचमध्ये ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा.

इंग्लंडमध्ये कुणाकडे जाऊन तिथे डाइव्ह करणार असाल तर गणित वेगळं आहे. तिथल्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार तीन इंचांच्या आतला, लॉक नसलेला घडीचा चाकू चालतो. न मिटणारी सुरी सार्वजनिक जागी बाळगायला मात्र योग्य कारण लागतं, मग पातं कितीही छोटं असो. डाइव्हला जाता-येताना सामानासोबत नेणं हे कारण होऊ शकतं. तीच सुरी नंतर आठवडाभर गाडीत पडून राहिली तर ते कारण उरत नाही, आणि शिक्षा चार वर्षांपर्यंत आहे.

माझ्या बॅगेत आता खांद्याच्या पट्ट्याला एक कटर आणि बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) खिशात कात्री असते. टोकदार सुरी घरीच, कपाटात.