कस्टम क्यू घ्यावा का कंपनीचा? नाशिकमध्ये पूल खेळणाऱ्यांसाठी

गंगापूर रोड, कॉलेज रोडकडच्या टेबलांवर हा प्रश्न सारखा कानावर येतो, की एवढे पैसे घालायचेच आहेत तर मेकरकडून हाताने बनवून घेतलेला कस्टम क्यू (खेळायची काठी) घ्यावा का प्रेडेटर, मेझ असा एखादा कंपनीचा. माझं मत आधीच सांगून टाकतो. जास्त बॉल पॉट व्हावेत म्हणून घेत असाल तर कंपनीचा घ्या. स्ट्रोक बसलाय, आपल्याला वजन किती लागतं, बॅलन्स कुठे लागतो हे हाताला कळलंय आणि पुढची कितीतरी वर्षं एकाच क्यूने खेळायचंय, तर कस्टम. पण दोन्हीकडे खाचाखोचा आहेत म्हणून नीट लिहितो.

आधी हिट, म्हणजे मारताना हाताला येणारा फील, कारण कस्टमचं खरं सुख तिथेच आहे. चांगल्या मेकरचा साधा, भरीव मेपलचा १३ मिमी शाफ्ट (क्यूचा पुढचा भाग, मागचा तो बट), लेयरवाली मीडियम टिप (बॉलला लागणारं चामड्याचं टोक), आणि एक हळू स्टन शॉट, म्हणजे व्हाईट बॉल धडकून जागीच थांबेल असा, मारून बघा. आवाज छोटा आणि भरीव येतो, टक, आणि त्याच वेळी मागच्या हाताच्या बोटांत एक बारीक थरथर येऊन लगेच विरते. तोच शॉट सेंटरपासून जरा बाजूला लागला की थरथर वेगळी येते, जरा लांबते, आवाज पसरट होतो, म्हणजे बॉल कुशनला पोचायच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं की टिप कुठे लागली. कार्बन शाफ्टमध्ये हे बरंच दबून येतं, आवाज पोकळ वाटतो, सवय झाली की चालतं पण पहिले काही आठवडे हात मुका झाल्यासारखं वाटतं. लाकडाचेच लो डिफ्लेक्शन शाफ्ट (व्हाईट बॉलला बाजूला कमी ढकलणारे, पुढे सांगतो) या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात.

आता यातली एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पैसे कशाचे देताय ते कळेल. टिप आणि व्हाईट बॉल एकमेकांना चिकटून असतात ते साधारण एक-दोन मिलिसेकंद. हाताला जे जाणवतं ते बॉल निघून गेल्यावर. म्हणजे फीलमुळे तो शॉट चांगला होत नाही, तो शॉट कसा झाला हे फील सांगतो, आणि जो रोज दोन तास खेळतो त्याला त्यातून पुढचा शॉट सुधारता येतो, महिन्यातून एकदा मित्रांबरोबर फ्रेम लावणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

डिफ्लेक्शनमध्ये मात्र कंपनीवाले सरळ पुढे आहेत. उजवी साईड मारली, म्हणजे टिप मध्यापासून उजवीकडे लावली, की व्हाईट बॉल किंचित डावीकडे निघतो, आणि किती निघणार हे मुख्यतः शाफ्टच्या पुढच्या काही इंचांचं वजन ठरवतं. प्रेडेटरने १९९० च्या दशकात ३१४ शाफ्ट आणला तो हेच पुढचं वजन कमी करून, टोक आतून पोकळ, लाकूड तुकडे जोडून केलेलं, फेरूल (टिपखालची टोपी) हलकं. भरीव १३ मिमी मेपलवर भरपूर साईड लावून जोरात मारलं तर सहा-सात फुटांवर बॉल जवळजवळ आपल्याच रुंदीइतका बाजूला जाऊ शकतो, आणि ते गणित डोक्यात धरूनच एम (नेम) घ्यावा लागतो. जुने खेळाडू आयुष्यभर तसंच खेळले, त्यांचा एमच तसा बसलेला असतो. पण तुम्ही आत्ता दोन वर्षं खेळताय आणि साईडचे लांब शॉट सुटतात तर भरीव शाफ्ट घेऊन स्वतःचं काम वाढवू नका.

आपल्याकडे बहुतेक जण आधी स्नूकर शिकून मग पूलकडे आलेत, त्यांच्यासाठी टेपर, म्हणजे क्यू टोकापासून मागे कसा जाड होत जातो ते, फार महत्त्वाचं. स्नूकरचा ॲशचा क्यू साडेनऊ-दहा मिमी टिपचा आणि टोकापासून मागे हळूहळू जाड होत जाणारा. पूलचा प्रो टेपर पुढे दहा-बारा इंच जवळजवळ एकाच जाडीचा राहतो, बोटांची कडी करून ब्रिज (पुढच्या हाताचा आधार) घेणाऱ्याला तो छान सरकतो. उघड्या ब्रिजवर खेळणाऱ्याला मात्र जरा कोनिकल (स्नूकरसारखा हळूहळू जाड होणारा) टेपर आणि १२ मिमीच्या आसपासची टिप जास्त घरची वाटते. कंपनीकडे जे मॉडेल आहे ते आहे. कस्टमवाल्याला हे सांगून बनवून घेता येतं, आणि माझ्या मते नक्षीपेक्षा याचे पैसे देणं जास्त योग्य.

वजन-बॅलन्सचंही तसंच. क्यू साधारण ५८ इंच आणि १८ ते २१ औंस, बरेच जण १९ वर येऊन थांबतात, म्हणजे ५४० ग्रॅमच्या आत-बाहेर. कंपनीच्या बऱ्याच क्यूंत बटच्या शेवटी वेट बोल्ट असतो, जड पाहिजे तर मोठा बोल्ट, पण मग वजन मागे सरकतं आणि पुढचं टोक हलकं लागतं. चांगला मेकर वजन लाकडातून काढतो, पुढे एबनी घेतली तर क्यू पुढे झुकतो, मेपल घेतलं तर हलका राहतो, जड लाकडाला आतून कोअर (गाभा) टाकतो. बॅलन्स पॉइंट बटच्या टोकापासून अठरा-एकोणीस इंचांवर असतो, त्यात एक इंचाचा फरक हाताला लगेच कळतो. तुम्ही सहा फुटांच्या वर असाल तर ५९-६० इंच मागता येतो, हाही मोठा मुद्दा.

जॉईंटवरून (बट आणि शाफ्ट जुळतात ती जागा) लोक तासन्‌तास वाद घालतात, स्टीलचा कडक, लाकडाला लाकूड भिडलेला मऊ वगैरे. फरक असतो, पण टिप आणि शाफ्टपुढे तो थोडा. टिप बदलून बघा, सॉफ्टची हार्ड केली की तोच क्यू दुसरा वाटतो. तिथे वाद मिटतो.

आणि ‘हाताने बनवलेला’ म्हणजे सगळं शून्यापासून असंच समजू नका. अमेरिकन क्यू मेकर जॉर्ज बालाबुष्का, १९७५ मध्ये गेला, ज्याचे क्यू आज संग्राहक जपून ठेवतात, तोसुद्धा ब्रन्सविक कंपनीच्या तयार टायटलिस्ट क्यूंचा स्प्लाईस (वेगवेगळी लाकडं सांधून केलेला बटचा भाग) वापरायचा. हात कुठे लागतो तर लाकूड निवडण्यात आणि वाट बघण्यात. शाफ्ट एकदम कापून बारीक करत नाहीत, थोडं थोडं कापतात आणि मध्ये महिनोन्‌महिने टांगून ठेवतात, म्हणजे लाकडाला वाकायचंय तर आधीच वाकू दे. सातपूर-अंबडला उत्तम लेथवाले आहेत, आपल्याकडेच करून घेऊ असं डोक्यात येतंच, पण धातूचं टर्निंग वेगळं आणि हे वेगळं, घाईत काढलेला शाफ्ट पहिल्याच पावसाळ्यात टेबलावर डुगडुगत गोल फिरतो.

पावसाळ्याचं आलंच आहे तर, आपल्याकडे मे महिन्यात चाळीसला टेकणारं कोरडं ऊन आणि जूननंतर एकदम दमट हवा, मेपलला हे आवडत नाही. कस्टम असो वा कंपनीचा, लाकडी क्यू गाडीच्या डिकीत ठेवू नका, भिंतीला तिरका टेकवून तर अजिबात नाही, जॉईंट सुटा करून केसमध्ये. जुलैत शाफ्ट चिकट लागतो, सुक्या मऊ कापडाने पुसायचा, सँडपेपर मारत बसू नका, दर वेळी जाडी कमी होते. ही कटकटच नको असेल तर कार्बन, त्याला हवेचं काही घेणं-देणं नाही.

पैशांचं सांगायचं तर नावाजलेल्या अमेरिकन मेकरचा क्यू हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, वर कुरिअर आणि कस्टम ड्युटी. साउथवेस्टसारख्या मेकरच्या क्यूसाठी तर लोक वर्षानुवर्षं थांबतात. आणि हातात घेऊन न बघताच ऑर्डर द्यायची, इथे ट्रायलला कस्टम मिळणं अवघड. कंपनीचा निदान कुणाकडे तरी असतो, चार फ्रेम मागून खेळता येतो, मुंबई-पुण्याला दुकानात हातात धरता येतो. विकायला गेलात तरी कंपनीच्या मॉडेलला गिऱ्हाईक पटकन मिळतं, कस्टमला तो मेकर ओळखणारा माणूस शोधावा लागतो.

तरी मन कस्टमवरच असेल, आणि मला ते पूर्ण समजतं, तर मेकरला जॉईंटची पिन (बट-शाफ्ट जोडणारा स्क्रू) ३/८-१० किंवा रेडियल या प्रकारची टाकायला सांगा. या दोन्ही पिनचे लो डिफ्लेक्शन आणि कार्बन शाफ्ट बऱ्याच कंपन्या बनवतात. म्हणजे बट तुमच्या मापाचा, एक भरीव मेपल शाफ्ट हिटसाठी, आणि मॅचसाठी पुढे कधीही कंपनीचा शाफ्ट लावता येईल. ऑर्डर द्यायच्या आधी सध्या ज्या क्यूने तुमचा हात चांगला चालतो तो किचनच्या काट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घ्या, बोटावर तोलून बॅलन्स पॉइंट टेपने मोजा, टिपची जाडी व्हर्नियरने घ्या आणि हे तीन आकडे मेकरला पाठवा, लाकडाचा रंग त्यानंतर.