राजारामपुरीतील मुलींचे वसतिगृह : आराखडा चांगला, अभ्यासिकेची जागा चुकली

ज्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, तेथे वसतिगृहाकडून अपेक्षा मोठ्याच असतात, आणि राजारामपुरीतील हे खासगी वसतिगृह त्या बऱ्याच अंशी पूर्ण करते. प्रत्येक मजल्यावर बैठकीची जागा जिन्यालगतच ठेवल्यामुळे येता-जाता मुलींची गाठ पडते आणि नवखी मुलगीही लवकर रुळते. लांबलचक बोळाच्या दोन्ही अंगांना खोल्या काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा ही रचना मला कितीतरी सरस वाटते. अभ्यासिका मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे ऐन अभ्यासाच्या वेळी मिक्सरचा आवाज आणि फोडणीचा ठसका दोन्ही आत येतात. गच्चीचा निम्मा भाग तरी पत्र्याने झाकायला हवा, कारण इथल्या पावसाळ्यात उघड्या दोरीवर कपडे वाळत नाहीत. भाडे वाजवी आहे.