थर्मोस्टॅटिक शॉवर मिक्सर, आठ महिन्यांनंतर: निम्मा दोष पाइपांचा होता

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या घरात आंघोळीला जाणारा माणूस आधी मोठ्याने ओरडायचा, "मी शॉवरखाली आहे, फ्लश दाबू नका!" तरी कुणीतरी दाबायचंच. मग आतून किंकाळी आणि बाहेरून हसू. एकदा धाकट्याच्या खांद्यावर चांगलाच लाल चट्टा उठला, तेव्हा हसू थांबलं आणि थर्मोस्टॅटिक मिक्सर, म्हणजे ठरवलेल्या तापमानाचंच पाणी देणारा, आणायचं ठरलं. त्याचाच हा अनुभव, पण त्यात भिंतीतल्या पाइपांचंच पारायण जास्त आहे.

चटका बसतो त्या क्षणी गिझरने काहीच वेगळं केलेलं नसतं. आमच्याकडे गार पाण्याची अर्धा इंची एकच लाइन होती आणि तिच्यावर फ्लशची टाकी, बेसिन आणि शॉवर असे तिघं बसलेले. फ्लशची टाकी भरायला लागली की त्या लाइनमधला दाब पडायचा. गिझरची लाइन गच्चीवरच्या टाकीपासूनच वेगळी, त्यामुळे तिला याची खबरही नसायची. जुन्या मिक्सरच्या दोन्ही चाव्या आपण ठेवल्या तिथेच, पण गार निम्म्यावर आणि गरम मात्र पूर्वीइतकंच. फ्लशची टाकी भरेपर्यंत, म्हणजे मिनिट-दीड मिनिट, हे चालायचं. ६० अंशांच्या पाण्याने त्वचा गंभीर भाजायला पाच-सहा सेकंद पुरतात, हे लक्षात घेतलं तर किंकाळी अगदीच नाटकी नव्हती.

यावर दोन प्रकारचे मिक्सर मिळतात. प्रेशर बॅलन्सिंगवाल्यात एक छोटा दट्ट्या असतो. गारचा दाब पडला की तो सरकतो आणि गरमही त्याच प्रमाणात कमी करतो. पाणी किती गरम आहे हे त्याला कळत नाही, फक्त दाब कळतो. थर्मोस्टॅटिकच्या काडतुसात, म्हणजे आतल्या सुट्या काढता येणाऱ्या भागात, मेणाची कुपी असते. गाडीच्या इंजिनातल्या थर्मोस्टॅटमध्ये असते तसलीच. मिसळलेलं पाणी तिच्यावरून वाहतं, मेण फुगतं किंवा आकसतं आणि गरम-गारची दारं त्याप्रमाणे उघडतात, मिटतात. दाबातला बदल असो की गिझरमधल्या पाण्यातला, दोन्ही तो सांभाळतो. मी हाच घेतला.

पहिला दिवस फजितीचा. मुठीवर ३८ अंश ठेवले तर पाणी आधी गार, मग एकदम कढत, आणि मूठ जरा फिरवली की पुन्हा बर्फ. मिक्सर खराब निघाला म्हणून मी तो परत करायच्या बेतात होतो. नंतर कळलं की प्लंबरने जोडण्या उलट केल्या होत्या. गरम डावीकडे हवं होतं, ते उजवीकडे गेलं होतं. साध्या मिक्सरमध्ये असं झालं तर चावी उलटी फिरवावी लागते, एवढंच. इथे मात्र पाणी तापलं की काडतूस 'गरम' समजून गार पाण्याचंच दार लावतं, आणि पाणी आणखी तापतं. जोडण्या अदलाबदल केल्या आणि यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. त्याच दिवशी थर्मामीटर धरून पाहिलं, तर ३८ च्या खुणेवर ४१ अंश येत होते. मूठ काढून पाणी बरोबर ३८ होईपर्यंत आतला दांडा फिरवला आणि मूठ पुन्हा खुणेवर बसवली. हे पाच मिनिटांचं काम बसवणाऱ्याने करायचं असतं, पण सहसा कुणी करत नाही.

चटके थांबले. पण धारही थांबल्यासारखीच झाली.

माझ्या मिक्सरला वाहतं पाणी असताना किमान अर्धा बार दाब लागतो. टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या सहा मीटर वर. दहा मीटरला साधारण एक बार, या हिशोबाने माझ्याकडे ०.६ बार आहेत, म्हणून मी निर्धास्त होतो. पण हा दाब नळ बंद असतानाचा. पाणी वाहायला लागलं की पाइपाच्या भिंती आणि प्रत्येक एल्बो (वळणावरचा जोड) त्यातला वाटा खातात, आणि माझ्या लाइनवर नऊ एल्बो निघाले. दहा लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं, म्हणजे मिनिटाला चार लिटर.

दोन महिने तसंच रेटलं. प्रेशर पंप बसवा असं सगळे सांगत होते. पण पंप बंद-चालू होताना दाब वरखाली होतो, आणि तो फक्त गारच्या लाइनवर लावला तर गरमवाल्याची गत आणखीच वाईट. शेवटी टाकीपासून बाथरूमपर्यंत पाऊण इंची नवी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) लाइन टाकली. तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा तोटा व्यासाच्या साधारण पाचव्या घातानुसार घटतो, म्हणजे व्यास दीडपट केला की कागदावर तो एक-सप्तमांशाहूनही कमी उरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गिझरचं पाणी आणि मिक्सरचं गार पाणी आता याच लाइनवरून, बाथरूमच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून घेतलं. दाब पडला तर दोघांचा बरोबर पडतो. फ्लश आणि बेसिन जुन्या लाइनवरच राहिले. बादली आता ८५ सेकंदांत भरते.

गंमत अशी की ही लाइन झाल्यावर एक दिवस काडतूस धुवायला काढलं होतं, म्हणून जुना मिक्सर तात्पुरता लावला. फ्लश दाबून पाहिला. पाण्यात फरक जाणवलाच नाही. म्हणजे आधी पाइप बदलला असता तर मिक्सरशिवायही बरंच भागलं असतं. हे मान्य करताना जीवावर येतं, पण कुणी विचारलं तर मी हाच क्रम सांगतो.

मग मिक्सर वाया गेला का? नाही. गिझरमधलं पाणी निवायला लागतं तेव्हा तो स्वतःच गरमचं दार उघडत जातो, मधेच मूठ फिरवावी लागत नाही. गारचा कॉक मुद्दाम पूर्ण बंद करून पाहिला, तर दोन-तीन सेकंदांत शॉवरची धार तुटून थेंबांवर आली. लहान मूल आणि म्हातारं माणूस घरात असताना मला हे पुरेसं आहे.

गिझरशी मात्र जुळवून घ्यावं लागलं. वीज वाचवायला मी तो ४५ वर ठेवून पाहिला, तर शॉवरच्या पाण्याचं तापमान हेलकावे खायला लागलं. शॉवरला हवं त्यापेक्षा गरम लाइनचं पाणी निदान दहा-बारा अंश जास्त असलं तरच काडतुसाला खेळायला जागा मिळते. आता ६० वर आहे. साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणूनही तेवढं तापमान योग्यच. धार वाढल्यामुळे २५ लिटरचा गिझर लवकर रिकामा होतो. पूर्वी वीस मिनिटं रेंगाळता यायचं, आता नऊ-दहा मिनिटांत पाणी कोमट.

भावाकडे गॅसचा गिझर आहे. त्याने माझं बघून हाच मिक्सर लावला आणि पाणी आलटून पालटून गरम-गार येऊ लागलं. त्याच्या गिझरमधून पाणी एका मर्यादेपेक्षा हळू वाहिलं की बर्नर विझतो. गिझर फुल्ल ठेवल्यावर मिक्सर गरम पाणी अगदी थोडंच घेतो, प्रवाह त्या मर्यादेखाली जातो, ज्योत विझते, की लगेच गार. त्याने गिझरचं तापमान खाली आणलं, म्हणजे मिक्सरला जास्त गरम पाणी ओढावं लागेल, आणि कमी पाण्याची शॉवरची जाळी बदलली. आता ठीक आहे.

नवी लाइन टाकण्याआधी एकदा बेसिनच्या गार नळाला कोमट पाणी यायला लागलं. मिक्सरच्या दोन्ही तोंडांना एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपा, असतात. त्यातल्या एकात वाळूचा खडा अडकल्यामुळे गरम पाणी गारच्या लाइनमध्ये मागे शिरत होतं. उघडून धुतलं, तिथल्या जाळ्यांवरचा क्षार सायट्रिक अॅसिडच्या पाण्यात बुडवून काढला. क्षाराचं पाणी असेल तर हे वर्षातून दोनदा करावं लागणारच. युनियन (मिक्सर सोडवता येतो ते जोड) भिंतीबाहेर असू द्या, कंसील्डच्या, म्हणजे भिंतीत पुरलेल्या मिक्सरच्या, नादाला लागू नका.

गिझर ते शॉवर आठ मीटर पाइप आहे, त्यात साधारण दीड लिटर पाणी थंड होऊन बसतं. ते जाईपर्यंत सकाळी पंधरा-वीस सेकंद थांबावं लागतं, त्यावर मिक्सरकडे उपाय नाही. आणि भर दुपारी टाकीपासूनचा उघडा पाइप उन्हात असा तापतो की गार लाइनच चाळिशीच्या वर जाते. मग मूठ ३८ वर असली तरी शॉवरला ४१. त्या पाइपाला फोमचं आवरण घालायचं काम अजून राहिलंय.